कन्नड कादंबरीत परंपरेवर खरा घाव कोण घालतं? आतला की बाहेरचा?

सीमाभागी

गेल्या महिन्यात माझे धाकटे काका गेले. पहाटे फोन आला, निपाणीहून कोल्हापूरला पोचेपर्यंत आठ वाजले. काकांनी लग्न केलं नव्हतं. शेवटची बावीस वर्षं ते एका बाईंबरोबर राहिले. मी त्यांना काकूच म्हणतो. घरच्यांनी त्यांना कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही आणि काकांनीही पुढे घरी येणं सोडलं.

काका आतल्या खोलीत आणि बाहेर सोप्यात चर्चा: अग्नी कोणी द्यायचा, सुतक कुणाला, दहावं कुणाच्या दारात. दुपारचे दोन वाजले तरी उठायचं नाव नाही. काकू स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होत्या. तेवढ्या वेळात सगळ्यांना दोनदा चहा त्यांनीच करून दिला.

तिथे उभ्या उभ्या मला कन्नड लेखक अनंतमूर्तींची 'संस्कार' आठवली. आमचं घर माध्व देशस्थांचं, घरात निम्मं कानडी, त्यामुळे ती कादंबरी मी कॉलेजात मुळातून वाचली होती. दुर्वासपूर नावाच्या अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणांच्या वस्तीत, नारणप्पा मरतो. त्यानं सगळे आचार मोडलेले, चंद्रीला घरात आणून ठेवलेली, पण त्याला वाळीत टाकलेलं नसतं. म्हणजे तो ब्राह्मणच मेला. मग त्याचं और्ध्वदेहिक कुणी करायचं? प्रेत पडून राहतं, गावात उंदीर मरू लागतात आणि प्राणेशाचार्यांसारखा विद्वान पोथ्या उलगडत बसतो. चंद्री खर्चासाठी अंगावरचे दागिने काढून समोर ठेवते आणि ज्यांना नारणप्पाचा विटाळ होत होता त्यांनाच आता अग्नी देण्याची घाई होते.

परत आल्यावर ती पुन्हा वाचली आणि लगेच भैरप्पांची 'वंशवृक्ष' काढली. दोन्ही 1965 च्या. एकात प्राणेशाचार्य, दुसऱ्यात श्रीनिवास श्रोत्री. दोघेही नुसते दांभिक भटजी नाहीत. दोघांचं आचरण चोख, दोघांबद्दल वाचणाऱ्याला आदर वाटतो आणि दोघांच्याही पायाखालची जमीन सरकते. आचार्यांना रानात चंद्रीच्या कुशीत आपण कोण ते कळेनासं होतं. श्रोत्रींना उतारवयात कळतं की ज्या वंशासाठी सुनेला तिच्या मुलापासून तोडलं, त्या वंशाचं रक्त आपल्यातच नाही.

मला असं वाटतं की परंपरेवर सर्वांत खोल घाव तोच घालू शकतो जो तिच्या पोटात वाढला, ज्याला ती पाठ आहे. बाहेरून दगड मारणाऱ्याचा दगड भिंतीला लागतो. कन्नड वाचणाऱ्यांना, आणि मराठीतून कन्नड वाचणाऱ्यांनाही, हे पटतं का?

नंदादीप

काकांना श्रद्धांजली. कादंबरीचं नंतर बोलू. शेवटी अग्नी कोणी दिला?

गडहिंग्लजचा_मास्तर

सीमाभागी, तुमचं म्हणणं अनंतमूर्तींनीच पुढच्या कादंबरीत तपासून पाहिलंय. 'भारतीपूर', 1973. जगन्नाथ इंग्लंडहून शिकून गावी येतो, पैसेवाला, पुरोगामी, मनानं प्रामाणिक. होलेयांना, म्हणजे तिथल्या अस्पृश्य मानलेल्या लोकांना, मंजुनाथाच्या देवळात न्यायचं हा त्याचा निर्धार. त्याआधी तो स्वतःच्या देवघरातला शाळिग्राम अंगणात आणतो आणि होलेयांना म्हणतो, शिवा याला. ते थरथरत मागे सरकतात. हा पुन्हा पुन्हा सांगतो, मग ओरडतो. शेवटी ते घाबरून बोट लावतात. ज्यांना मुक्त करायचं, त्यांच्यावर हा मालकासारखा ओरडला हे त्याला त्याच क्षणी कळतं. मराठीत समाजसुधारकाचं इतकं निर्दय आणि तरीही प्रेमानं केलेलं चित्र मला आठवत नाही.

आणि शेवटी मूर्ती कोण उपटतं? पुजाऱ्याचा मुलगा गणेश. ज्याला रोज गाभाऱ्यात घुसमटावं लागतं तो. होलेय देवळात पोचतात तेव्हा आत देवच उरलेला नसतो. म्हणजे तुमचाच मुद्दा.

वाचनवेडी

मी सहमत नाही. 'संस्कार' आणि 'वंशवृक्ष' एका तागडीत घालू नका, साल एक असलं म्हणून काय झालं?

'वंशवृक्ष'मध्ये श्रोत्रींच्या सुनेचं, कात्यायनीचं काय होतं बघा. तरुणपणी नवरा कपिलेत बुडून गेला, पदरी मूल. ती पुन्हा शिकते, राजावर प्रेम करते, लग्न करते. म्हणजे या कादंबरीत परंपरा खरोखर मोडणारी तीच. श्रोत्री नव्हे. आणि लेखक तिला काय देतो? मुलगा परका, गर्भ राहत नाहीत, झुरून झुरून मरण. श्रोत्रींना मात्र शेवटी घर सोडून निघून जाण्याची उंची मिळते. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि श्रोत्रींसाठी रडले. चाळिशीत पुन्हा वाचली आणि पुस्तक मिटून राग आवरत गच्चीत फेऱ्या मारल्या. आपण एकोणिसाव्या वर्षी कुणासाठी रडतो हेही कुणीतरी आपल्याला शिकवलेलं असतं.

कृष्णाकाठ

वाचनवेडी, तुमचा राग मान्य, पण निवाडा मान्य नाही. लेखक पात्राला दुःख देतो म्हणजे शिक्षा देतो असं नसतं. कात्यायनीला मूल सोडून जाण्याची टोचणी लागते ती तिच्या संस्कारांमुळे, आणि ते संस्कार किती खोल जातात हेच तर दाखवायचंय. भैरप्पांची 'गृहभंग' वाचा. 1970 ची. नंजम्मा एकटी घर ओढते, नवरा बिनकामाचा, सासू जिभेनं भाजणारी, आणि प्लेग पोटची पोरं घेऊन जातो. त्या कादंबरीत परंपरा कुठेही सुंदर दिसत नाही. हे सगळं लेखकानं हासन जिल्ह्यातल्या आपल्या लहानपणात पाहिलेलं आहे, त्यांची आई प्लेगनंच गेली.

त्यांच्याच 'दाटु'मध्ये पुजाऱ्याची मुलगी सत्यभामा आणि जमीनदार गौडांचा मुलगा. जातीच्या उतरंडीतली प्रत्येक पायरी खालच्या पायरीवर कशी उभी राहते ते त्यात जेवढ्या धीरानं मांडलंय, तेवढं कुठल्या घोषणापत्रात नाही. 1975 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला.

24 सप्टेंबर 2025 ला भैरप्पा गेले तेव्हा आमच्या सांगलीच्या वाचक गटात तीन पिढ्यांच्या माणसांनी आपापली प्रत हातात धरून फोटो टाकले. परभाषेतल्या लेखकाला इतकं घरचं मानलेलं मी पाहिलं नव्हतं.

तळटीप

आणि भैरप्पांची 'आवरण'? 2007 मध्ये अनंतमूर्तींनी त्यावर उघड टीका केली होती, तो वाद

कृष्णाकाठ

@तळटीप, त्यावर कृपया वेगळा धागा काढा. इथे आलं की तीनशे प्रतिसाद होतील आणि सीमाभागींच्या काकू बाजूलाच राहतील.

अबोली

मला आश्चर्य याचं वाटतंय की परंपरा आणि तिचे टीकाकार म्हटल्यावर अजून फणियम्माचं नाव कुणी घेतलं नाही.

एम. के. इंदिरा यांची 'फणियम्मा', 1976. कर्नाटकातल्या डोंगराळ मलनाडातली खरी बाई. तिनं आपली कहाणी लेखिकेच्या आईला सांगितली, आईनं मुलीला, मुलीनं कागदावर उतरवली. लग्न काय ते कळायच्या आधी विधवा. वयात आली तसं केशवपन. मग उरलेलं सगळं लांबलचक आयुष्य सोवळ्यात आणि दुसऱ्यांच्या घरच्या कामांत. ती बंड करत नाही. पोथी वाचत नाही, वादही घालत नाही. पण अडलेल्या दलित बाळंतिणीला सोडवायला जाते. आणि घरातली तरुण विधवा दाक्षायणी केस काढायला ठाम नकार देते, तेव्हा साऱ्या मोठ्यांच्यात फणियम्मा तिच्या बाजूनं उभी राहते.

सीमाभागी, तुम्ही म्हणता ज्याला परंपरा पाठ आहे तोच घाव घालू शकतो. फणियम्माला पाठ नव्हती. तिच्या अंगावर होती, डोक्यावर न्हाव्याचा वस्तरा होऊन. प्राणेशाचार्यांना शंका यायला चंद्री लागली आणि एक रात्र लागली. फणियम्मानं तेच सगळं स्वयंपाकघरात बसून ओळखलं.

शिवाय कन्नडमधली पहिली सामाजिक कादंबरी मानतात ती गुल्वाडी वेंकटरावांची 'इंदिराबाई', 1899 ची, मंगळूरच्या सारस्वत समाजातली. तिचा विषयही विधवाच. आपल्याकडे बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' 1857 ची, तीही विधवांची. दोन्ही भाषांत कादंबरी जन्मली ती विधवेच्या प्रश्नातून. हा योगायोग नाही असं मला मनापासून वाटतं. घरात एक माणूस पांढऱ्या नाहीतर लाल अलवणात कोपऱ्यात बसलेलं होतं आणि त्याची गोष्ट सांगायला पुराण अपुरं पडत होतं.

नंदादीप

अबोली, शेवटच्या वाक्याला साष्टांग दंडवत. माझ्या पणजी तशा बसायच्या. आम्हा पोरांना त्यांच्या हातचे डिंकाचे लाडू तेवढे माहीत.

दादर_पूर्व

थोडं अवांतर. कन्नड कादंबरी म्हटलं की आपण सगळे अग्रहारात जाऊन बसतो. यशवंत चित्ताल आयुष्यभर मुंबईत, वांद्र्यात राहिले. 'शिकारी' (1979) मुंबईच्या कंपनीत घडते. त्यातला नागप्पा देव-धर्माशी झगडत नाही, तरी ज्या कारस्थानात तो अडकतो त्याचे धागे उत्तर कन्नडच्या गावापर्यंत जातात. शांतिनाथ देसाई कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते, त्यांची 'ओम् णमो' जैन घराण्यावर आहे. म्हणजे कोल्हापुरातल्या ज्या रस्त्यांवरून तुम्ही काकांकडे गेलात, तिथूनच हा माणूस रोज शिकवायला जात असेल.

आणि 'संस्कार'चा 1970 चा सिनेमा जरूर बघा. प्राणेशाचार्य गिरीश कार्नाड, नारणप्पा पी. लंकेश. मद्रासच्या सेन्सॉरनं आधी अडवला, मग त्यालाच सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. 'वंशवृक्ष'च्या सिनेमाचे एक दिग्दर्शकही कार्नाडच, ब. व. कारंतांच्या जोडीला. भांडणारी दोन पुस्तकं एकाच माणसाच्या हातून गेली, हे मला फार आवडतं.

म्हैसूरवासी

लग्नानंतर सतरा वर्षं म्हैसूरला आहे. कन्नड इथेच शिकले, आधी भाजीवालीकडून आणि मग पुस्तकांतून. एवढे प्रतिसाद वाचून राहवलं नाही.

श्रोत्रींचं घर नंजनगूडला. इथून पंचवीसेक किलोमीटर. कपिला नदी, श्रीकंठेश्वराचं देऊळ, सोपानावर सकाळी संध्या करणारे लोक. 'वंशवृक्ष' वाचून मी मुद्दाम गेले होते, घाटावर बसून कात्यायनीचा नवरा कुठे बुडाला असेल त्याचा विचार करत. परतताना बसमध्ये शेजारी एक कॉलेजातला मुलगा होता. पुस्तक बघून म्हणाला, "मॅडम, नंजनगूडचं आणखी एक पुस्तक आहे. तेही वाचा."

ते होतं 'कुसुमबाले'. देवनूर महादेव यांचं. देवनूर हे गाव याच नंजनगूड तालुक्यात. नदी तीच, बाजार तोच. 1984 ची कादंबरी, 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार. दलित चन्ना आणि वरच्या जातीची कुसुमा. पण गोष्ट तशी सरळ कुणी सांगतच नाही. रात्री घरोघरच्या दिव्यांच्या ज्योती एकत्र जमून आपापल्या घरची हकिकत बोलतात. भाषा त्या भागातल्या दलित वस्तीची, जशी कानावर पडते तशी. मला पहिली वीस पानं कळेचनात. शेजारच्या आजी शिकलेल्या, म्हैसूरच्याच, त्यांनाही अडलं. मग आमच्याकडे धुणं-भांडी करायला येणाऱ्या बाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या हसत होत्या, मध्येच गप्प होत होत्या, आणि मला अर्थ सांगत होत्या. त्या दिवशी आमच्या घरात शिकवणारं कोण आणि शिकणारं कोण हे उलटं झालं.

आता सांगा सीमाभागी, 'आतला' कोण? श्रोत्री नंजनगूडचे, चन्नाही नंजनगूडचा. दोघांच्यावर तीच परंपरा, एकाच्या हातात आणि दुसऱ्याच्या मानेवर. तुम्ही म्हणता बाहेरच्याचा दगड भिंतीला लागतो. पण चन्ना बाहेरचा कधी होता? भिंतीतच चिणलेल्या माणसाला बाहेरचा म्हणणार का?

एक साल लक्षात ठेवा, 1973. 'भारतीपूर' आली, 'दाटु' आली, आणि त्याच वर्षी मंत्री बसवलिंगप्पा म्हैसूरला म्हणाले की कन्नड साहित्य म्हणजे 'बूसा', गुरांपुढे टाकतात तो कोंडा. केवढा गदारोळ झाला, दलित विद्यार्थ्यांना मारहाण झाली, मंत्रिपद गेलं. पण त्यातूनच कर्नाटकातली दलित संघर्ष समिती आणि लिहिणारी नवी पिढी उभी राहिली. महाराष्ट्रात दलित पँथर 1972 ची, इथे 'बूसा' 1973 चं. सवर्ण लेखक कादंबरीत होलेयांना देवळाच्या दारापर्यंत नेत होते, तेव्हा ते होलेय विचारत होते की या सगळ्या साहित्यात आम्ही कुठे आहोत?

वाचनवेडी

+१००. हा प्रतिसाद मी कागदावर उतरवून ठेवला.

गडहिंग्लजचा_मास्तर

म्हैसूरवासी ताई, मी निरुत्तर झालो असतो, पण एक नाव आडवं येतं. शिवराम कारंत. कोट गावचे ब्राह्मण, आणि 1933 मध्ये 'चोमन दुडी', म्हणजे चोमाचा ढोल. चोमाला एवढंच हवं असतं की स्वतःचा जमिनीचा तुकडा कसावा. होलेयानं शेत करायचं नाही ही रीत. मुलगा पाण्यात बुडतो आणि काठावरची माणसं विटाळ होईल म्हणून हात पुढे करत नाहीत. शेवटी नांगर मोडून टाकून चोमा आपली दुडी बडवत बसतो आणि त्यातच जातो. मी नववीच्या मुलांना ही गोष्ट मराठीतून सांगतो. दरवर्षी मुलगा बुडण्याच्या जागी वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होते. बाहेरच्यानं लिहिलं म्हणून तो घाव उथळ म्हणायचा का?

म्हैसूरवासी

नाही मास्तर, उथळ मुळीच नाही. कारंत त्या माणसांत हिंडले, हरिजनांसाठी काम केलं, मग लिहिलं. पण चोमा बोलत नाही, त्याची दुडी बोलते. आपण दुडी ऐकतो आणि रडतो. 'कुसुमबाले'त माणसं बोलतात, शिव्या देतात, विनोद करतात. तिथे रडण्याआधी समजून घ्यावं लागतं. मला दोन्ही हवीत, पण पहिल्यावरच थांबायला नको.

रानवाट

कुवेंपूंची 'मलेगळल्लि मदुमगळु' (1967) कुणीतरी या धाग्यात आणायलाच हवी होती. सुरुवातीलाच ते सांगतात की इथे कुणी मुख्य नाही, कुणी अमुख्य नाही, काहीच क्षुल्लक नाही. आणि खरंच तसं आहे. गौडांच्या वाड्याइतकीच जागा होलेयांच्या गुत्तीला, गुत्तीइतकीच त्याच्या हुलिय कुत्र्याला. परंपरेवर टीका म्हणजे दर वेळी मूर्ती फोडणं नसतं. जिच्याकडे कुणी बघतही नव्हतं त्या वाटेनं शेकडो पानं चालणं हीसुद्धा टीकाच.

हुलियचं शेवटी काय होतं ते सांगत नाही. मी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो.

खाडीपलीकडे

परंपरा फक्त हिंदूंची नाही. सारा अबूबकर यांची 'चंद्रगिरिय तीरदल्लि', कासरगोडकडची. नादिराचा बाप हट्टानं तिचा तलाक घडवतो. नवऱ्याला ती परत हवी असते, पण परत जायचं तर आधी दुसऱ्याशी लग्न, एका रात्रीचं. ती मशिदीच्या तळ्याकडे चालत जाते. 'लंकेश पत्रिके'त आलेली ही कादंबरी लिहिणारी बाई त्याच समाजातली. म्हणजे इथे सीमाभागींचा 'आतला' आणि म्हैसूरवासींचा 'आतला' एकाच व्यक्तीत भेटतात.

धारवाडची_सून

एक सांगू? आपण इतकं बोलतोय ते मुख्यतः उमा विरूपाक्ष कुलकर्णींमुळे. विरूपाक्षकाका कन्नड मोठ्यानं वाचायचे, त्या ऐकून मराठीत उतरवायच्या. 'वंशवृक्ष'च्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांनी शिवराम कारंतही आणले, पण मराठी घराघरांत पोचले ते भैरप्पा. म्हणून आपला प्रश्नच श्रोत्रींच्या ओसरीवरून सुरू होतो. 'कुसुमबाले'ची भाषा मराठीत आणायची तर प्रमाण मराठी कामाची नाही, ती कुणाच्या तरी वस्तीच्या बोलीतच यावी लागेल. हे काम कुणीतरी हाती घ्यावं अशी माझी फार इच्छा आहे.

नंदादीप

सगळं वाचलं, पाच पुस्तकं यादीत टाकली. पण सीमाभागी, माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालं नाही.

सीमाभागी

क्षमा करा, उत्तर मुद्दाम टाळत होतो. धागा काढला तेव्हा ते सांगायची तयारी नव्हती.

दोन वाजून गेल्यावर गुरुजींनी शास्त्र सांगितलं की पुतण्याला अधिकार आहे. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला खरं तर त्या क्षणी बरं वाटलं, की सुटला प्रश्न. मी आतून धोतर नेसून आलो. काकू तिथेच दाराशी. त्यांनी काही मागितलं नाही. फक्त म्हणाल्या, "त्यांना उन्हाचा त्रास व्हायचा, लवकर न्या."

'संस्कार'मध्ये नारणप्पाला शेवटी कोण जाळतं आठवतं ना? पोथ्यांचा निकाल लागत नाही तेव्हा चंद्रीच रात्री अहमद बारीच्या मदतीनं गुपचूप दहन करते आणि कुणाला न सांगता निघून जाते. अग्रहाराला पत्ताही नसतो. मी दोनदा वाचलेल्या कादंबरीतली ही गोष्ट धागा काढताना लिहिलीच नाही, हे मला अबोली आणि म्हैसूरवासी यांचे प्रतिसाद वाचताना लक्षात आलं. मी सगळा वेळ आचार्यांकडे बघत होतो. पहिल्या पोस्टमध्ये चंद्री दागिने ठेवते एवढंच लिहून पुढे गेलो.

मी गुरुजींना म्हटलं की काकू स्मशानात येतील आणि अग्नी त्या देतील, मडकं मी धरतो. थोरले काका उठून बाहेर गेले, दोन आत्या माझ्याशी अजून बोलत नाहीत. गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मंत्र मी म्हणतो." काकूंचा हात थरथरत होता, मी कोपराला आधार दिला.

नंजनगूडला जायचंय. म्हैसूरवासी ताई, आधी 'कुसुमबाले' वाचून मगच येईन. आणि अबोली, 'फणियम्मा' काकूंना द्यायची आहे. त्यांना कन्नड येत नाही, मीच वाचून सांगीन, रविवारी जातो तेव्हा थोडं थोडं. कन्नड प्रत कुठे मिळेल?

अबोली

माझ्याकडे दोन प्रती आहेत. पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवा, सोमवारी टपालात टाकते.